अंबादासरावांच्या जिभेची व घराच्या पाटीवरील कुंकवाची हकीकत

श्रीगणेशास व गावच्या देवीस हात जोडून, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस साक्षीस ठेवून, आणि ज्यांनी न पाहताच गावभर सांगितले त्यांच्या तोंडास कुलूप पडावे म्हणून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी राज्यात मोठा प्रसंग गुजरला, तो आम्ही खुर्चीवर बसून पाहिला. बसून म्हणतो ते म्हणायचे म्हणून. बूड टेकले नाही.

राज्य कोणते विचाराल तर नाव सांगत नाही. पाण्याच्या उंच टाकीखाली सपाट मैदान आहे, तेच राज्य. तेथे दर आदितवारी सकाळी गावचे बापे लोक जमत, कोणी दुकानदार, कोणी बँकेतला, कोणी शाळेतला, पोटे सुटलेली, केसांस कलप लावलेला, घरी पाण्याचा तांब्या उचलून घेणार नाहीत ऐसे, आणि येथे येऊन सोटा उगारीत, चेंडू मारीत आणि जीव तोडून धावत. त्या खेळास बेसबॉल म्हणतात. खेळाची रीत ऐसी की, एका सरकारचा गोलंदाज चेंडू फेकतो, दुसऱ्या सरकारचा सोटेवाला मारतो, आणि मारून पहिले ठाणे, दुसरे ठाणे, तिसरे ठाणे ऐसी तीन ठाणी घेत फिरून जिथून निघाला त्या जागी परत येतो, त्या जागेस घर म्हणतात. घरापाशी जमिनीत पांढरी पाचकोनी रबरी पाटी बसविली आहे. त्या पाटीस पाय किंवा हात लागला तर एक गुण. पाटीमागे एक जण उकिडवा बसतो, चेंडू धरतो आणि घर राखतो, त्यास आम्ही किल्लेदार म्हणत असू. धावणारा पाटीस लागण्याआधी किल्लेदाराने हातातला चेंडू त्याच्या अंगास लावला तर धावणारा बाद. इतके कळले म्हणजे सर्व कळले. आम्हांस चौथीपावेतो अक्षर आणि आम्हांस कळते, तर वाचणाऱ्यास न कळायला काय जाहले.

राज्यात दोन सरकारे, एक उगवतीकडील आणि एक मावळतीकडील. दोहोंवर नाना दप्तरदार, पोस्टातून निवृत्त जाहलेले, पांढरी टोपी, बोलणे हळू. नियम त्यांनी केले आणि फलकावर रंगवून टाकीच्या खांबास टांगले. प्रथम पंच बाहेरून आणीत. पण बाहेरच्या पंचास लोक इतके बोलत की दोन पंच चहा अर्धा टाकून निघून गेले, तिसऱ्याने येतानाच डोक्यावर हेल्मेट घातले आणि सामना संपल्यावरही काढले नाही. मग नानांनी मसलत केली आणि ऐसा दंडक घातला की, ज्या सरकारची सोटा चालविण्याची पाळी असेल त्याच सरकारातील एका माणसाने पंच म्हणून उभे राहावे. आपल्याच माणसाने आपल्याच माणसास बाद म्हणावे. "म्हणजे भांडायचं कुणाशी हाच प्रश्न पडेल," ऐसे नाना बोलिले, आणि सर्व जण माना डोलावते जाहले. वर्तणुकीची कलमे आणखी होती ती ऐसी की, पंचास उलट बोलू नये, सोटा फेकू नये, तंबाखू खाऊन ठाण्यावर थुंकू नये. आणि सर्वांत खाली नवे कलम की, खेळाडूच्या घरचे माणूस बाहेरून पंचास जे बोलेल ते खेळाडूच बोलला ऐसे धरावे. हे कलम वाचून दाखविताना नाना सगळ्यांकडे पाहात होते, आमच्याकडे मात्र पाहीनात, त्यावरून कलम कोणासाठी ते आम्ही ओळखले.

आता आमचे चिरंजीव अंबादासराव. वय सत्तेचाळीस, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान, मनगट ऐसे की उगवतीकडील सरकारात तैसा सोटेवाला दुसरा नाही, हे आई म्हणून सांगत नाही, मावळतीकडील लोकही सांगतात. आणि जीभ ऐसी की मनगट तिच्यापुढे काही नाही. ती आमच्याकडून गेली हे खरे, त्याची लाज नाही. गतसाली याच मैदानी चुलतभाऊ सोपानराव पंच होते, त्यांनी अंबादासरावांस बाद म्हटले, तेव्हा अंबादासराव बोलिले, "सोपान, डोळे काय घरी दुधावर झाकण म्हणून ठेवून आलास?" आणि सोटा भिरकाविला, तो थेट चहावाल्याच्या पातेल्यात जाऊन उभा राहिला. चहावाला म्हणाला, "साहेब, ढवळायला चमचा आहे माझ्याकडे." लोक हसले, नाना हसले नाहीत. एक साल हद्दपार ऐसा हुकूम जाहला.

ते साल आमच्या घरात कैसे गेले ते आम्हीच जाणतो. आदितवार उजाडला की अंबादासराव अंधारात उठत, आणि स्कूटर धूत, आणि मग पुसत, आणि मग पुन्हा धूत. एका आदितवारी घरातील सर्व नळांचे वायसर बदलले, गळत नव्हते त्यांचेही. मग टाकीच्या भिंतीपलीकडून सोट्याचा टणत्कार ऐकू आला की हातातला पाना खाली ठेवीत आणि दारात जाऊन उभे राहात आणि परत येत. सूनबाई म्हणाली, "अहो, बसा तरी." तर बोलिले, "बसलोच आहे." आणि उभे होते. दुकानात गिऱ्हाइकाशी धड बोलत नव्हते. माणसास एक जागा असते जिथे तो कोणाचा बाप नाही, कोणाचा नवरा नाही, कोणाचा मिस्त्री नाही, ती गेली की घरात वाघ बांधल्यागत होते. साल सरले तेव्हा नाना घरी आले, पाटावर बसले, चहा घेतला आणि बोलिले, "अंबादास, ये परत. पण पंचाला एक शब्द जरी उलट गेला, तर आता साल नाही, कायमचं. मी टोपी काढून पाया पडलो तरी लोक ऐकणार नाहीत."

"शब्दच नाही नाना."

"घरच्यांचाही."

तेव्हा आम्ही बोलिलो, "नाना, आमच्याकडे बघून बोला की. मी काही झाकण नाही दुधावरचं." नाना कपाळ पुसते जाहले आणि बोलिले, "वहिनी, तुम्हालाच तर सांगतोय."

मग अखेरचा सामना दसऱ्यास नेमिला. त्या दिवशी रिवाज ऐसा की सोटे, हातमोजे, चेंडू, ठाणी सर्वांची पूजा करावी, झेंडू वाहावा, घराच्या पाटीपुढे नारळ वाढवावा आणि मग खेळावे. पूजेची पाळी मावळतीकडील सरकारची होती. त्यांचे खासे सरदार माणिकशेठ, कापडाचे दुकान, तेच त्यांचे किल्लेदार, बोलणे साखरेत घोळलेले. त्यांच्या कुटुंबाने पूजा केली ती इतकी मन लावून की पाटीभोवती रांगोळी घातली, आणि पाटीवर मधोमध हळदीकुंकवाचे ठसठशीत बोट ओढिले, वर झेंडूचे एक फूल ठेविले, आणि नमस्कार करून गेली. मग खेळ मांडायचा तर पाटी पुसायला पाहिजे. पाटी झाडणे हे पंचाचे काम, त्यास हातात छोटा कुंचला दिलेला असतो. पंचाने फूल उचलून बाजूस ठेविले आणि कुंकवापाशी हात थांबला. "मी नाही पुसणार," तो बोलिला. मग माणिकशेठांस म्हटले तर ते बोलिले, "माझ्या बायकोच्या हातचं कुंकू आहे, मी पुसू? दसऱ्याला?" मग सोपानरावांस म्हटले, ते दोन पावले मागे गेले. कुंकू पुसणे हे शब्द तोंडाने काढायला कोणी तयार नाही तर हाताने कोण करितो. अखेर नाना बोलिले, "राहू द्या. कुणीतरी पळत येईल, आपोआप पुसलं जाईल." आणि सर्वांस ते पटले.

घरून निघताना सूनबाईने अंबादासरावांच्या खिशात खडीसाखर घातली आणि बोलली, "जीभ वळवळली की हे चोखा." मग आमच्याही हातावर चार खडे ठेविले आणि बोलली, "आई, तुम्हालापण." हिची हिंमत पाहिली तर आमचाच हात फिरला आहे हे लक्षात येते.

खेळ सुरू जाहला. पाच डाव दोन्हीकडे. पहिला डाव गेला, कोणी घरी परतला नाही. दुसरा गेला, नाही. दोन्हीकडचे गोलंदाज त्या दिवशी ऐसे पेटले होते की सोटेवाले हवेस मारून परत जात, कोणी फार तर दुसरे ठाणे घेई आणि तेथेच अडकून राही. सोटा चालविणारा पाटीच्या बाजूस उभा राहतो, किल्लेदार मागे, पंच त्याच्या मागे, पाटीवर पाय कोणाचाच पडायचे कारण नाही, धावून घरी येणाऱ्याचाच काय तो पडणार, आणि घरी कोणी येईना. म्हणून कुंकू जैसेच्या तैसे. पंच बदलत राहिले आणि जो तो धूळ झाडी ती कुंकवाच्या कडेकडेने. आम्ही खुर्ची उन्हातून सावलीत नेली, मग सावलीतून दिसेना म्हणून उन्हात आणली. साखर दुसऱ्या डावातच संपली होती. अंबादासराव पाळी नसली की फेऱ्या घालीत, टोपी काढीत आणि घालीत. आणि माणिकशेठ त्यांस सोडीनात. कलमात शिवी द्यायची मनाई आहे, गोड बोलायची नाही, हे त्यांनी ओळखिले होते. "अंबादासराव, गुडघा कसाय हो? आमच्या मेव्हण्याचा असाच गेला. त्यानं खेळ सोडला, आता बुद्धिबळ खेळतो. फार समाधानी आहे." अंबादासरावांनी हातमोज्याचा पट्टा आवळला. "वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं झालं आम्हाला. चहात सोटा नाही, मजाच नाही." अंबादासरावांची कानशिले लाल. आम्ही पदराचे टोक दातात धरून बसलो होतो.

मग पाचवा डाव, मावळतीकडची पाळी होऊन गेली, शून्यास शून्य, आणि अखेरचा सोटा उगवतीकडे. दंडकाप्रमाणे पंच उगवतीकडचाच हवा, आणि ज्याची पाळी नुकतीच होऊन गेली त्याने उभे राहावे ऐसा क्रम, तो क्रम आला मकरंदरावांवर. हे आमचे नातजावई, अंबादासरावांचे जावई, वैशाखात लग्न जाहले, तेव्हापासून उगवतीकडील फौजेत दाखल. शांत मुलगा, चष्मा, सासऱ्यासमोर पाय पसरून बसणार नाही ऐसा. त्याने तोंडास जाळी बांधली आणि किल्लेदाराच्या मागे उभा राहिला. जावयास उलट बोलता येत नाही ते एक, आणि पंचास उलट बोलता येत नाही ते दुसरे, आणि अंबादासरावांस कोणास न बोलता राहवत नाही ते तिसरे. माणिकशेठ मागे वळून बोलिले, "जावईबापू, बरं झालं तुम्ही आलात. नंबर किती म्हणालात चष्म्याचा?"

मकरंदराव बोलिले, "शेठ, पुढे बघा, चेंडू येतोय."

दोघे जण पटापट बाद जाहले, आणि तीन बाद म्हणजे डाव संपला. तिसरे अंबादासराव. पहिला चेंडू हुकला, मकरंदरावांनी बोट वर केले, एक, ऐसे तीन जाहले की बाद. दुसरा चेंडू अंबादासरावांनी सोडला, लांब आहे म्हणून, तर मकरंदरावांनी पुन्हा बोट वर केले, दोन. मैदानावर कोणी हालेना. अंबादासरावांनी सावकाश मान वळविली आणि जावयाकडे पाहिले, आणि जावयाचे बोट खाली आले नाही. अंबादासराव मान परत फिरविते जाहले. मग तिसरा चेंडू आला आणि मारला तो ऐसा की टाकीच्या खांबावर आपटला, आणि अंबादासराव पळत पळत दुसरे ठाणे घेते जाहले, गुडघा धरून, पण घेतले. मग सोपानरावांचा सोटा. सोपानरावांनी चेंडू जेमतेम ढकलला, तो उजवीकडे गवतात गेला, शोधायला वेळ लागला, आणि तेवढ्यात अंबादासरावांनी तिसरे ठाणे ओलांडिले. थांबायला पाहिजे होते. लोक ओरडले थांबा, पण वर्षभर दारात उभा राहिलेला माणूस थांबतो कशाला. तो घराकडे निघाला आणि तिकडून चेंडूही निघाला.

आता पाहा काय जाहले. अंबादासराव पुढे, चेंडू मागे, दोन हातांचे अंतर होते, गुण पक्का, मावळतीकडील लोक डोक्यास हात लावून बसले. आणि अंबादासराव पाटीपाशी आले, पाऊल उचलले, आणि खाली कुंकू दिसले. रांगोळी, हळद आणि लाल बोट. पायात खिळ्यांचे बूट. ते पाऊल तेथे पडलेच नाही. अंगणातली रांगोळी जैसी ओलांडावी तैसे ते पाटीवरून टुणकन उडी मारून पलीकडे गेले, आणि पलीकडे जाऊन, सवयीने, वाकले आणि हात छातीस लावला. मग त्यांस आठवले की आपण खेळत आहो. ते पाटीस हात लावायला मागे वळले, आणि तेवढ्यात माणिकशेठांच्या हातमोज्यात चेंडू आला, आणि शेठांनी तो त्यांच्या पाठीस लावला. अगदी अलगद, जैसा कापडाचा नग गिऱ्हाइकाच्या अंगास लावून पाहतात तैसा.

सर्व जण पंचाकडे पाहते जाहले. मकरंदरावांनी जाळी काढली. आता त्याने पाय लागला म्हटले असते तर सामना जिंकला होता, कोणास बोलायची सोय नव्हती, कारण पंचास उलट बोलायचे नाही हे कलम मावळतीकडेही लागू. माणिकशेठ तेच जाणून पांढरे पडले होते. उगवतीकडील लोक टाळ्या वाजवायला हात वर करून उभे, नाना टोपी हातात घेऊन उभे. मकरंदराव सासऱ्याकडे पाहीना, आमच्याकडे पाहीना, पाटीकडे पाहात राहिला. मग बोलिला, "बाबा, पाय लागला नाही." आणि बोट वर केले. "बाद."

अंबादासरावांचे तोंड उघडले. आम्ही ते तोंड जन्मापासून ओळखतो, ते उघडले म्हणजे काय येते ते ठाऊक, खालचा ओठ पुढे आला, मानेची शीर उठली, आणि वर्षाचा सारा आदितवार त्या तोंडात येऊन उभा राहिला. सूनबाईने डोळे मिटले. मग ते तोंड तैसेच उघडे राहिले, आणि खूप वेळाने त्यातून शब्द आला, "पाणी."

कोणीतरी बाटली दिली. अंबादासराव प्याले, आणि उरलेली बाटली मकरंदरावांपुढे केली, आणि मकरंदरावही प्याला.

माणिकशेठांस हे सोसवले नाही. सामना शून्यास शून्य म्हणजे बरोबरी, करंडक वाटून घ्यावा लागणार. पण अंबादासराव कायमचे गेले तर पुढली दहा साले मावळतीकडील राज्य निष्कंटक, हा हिशेब त्यांच्या मनात. लेकाचे तोंड बंद पडले ऐसे पाहून ते आमच्या खुर्चीकडे आले. नवे कलम त्यांस पाठ होते. कमरेत वाकले, आणि ऐकू जाईल ऐसे बोलिले, "काकू, तुम्ही समोरच होता. तुम्हीच सांगा. नातजावयानं बरोबर दिलं का हो? घरच्या माणसानं असं करावं?"

नाना लगबगीने येऊ लागले आणि हात हालवीत होते की बोलू नका. मकरंदराव तेथेच जाळी हातात घेऊन उभा. सूनबाईने आमचा दंड धरला. अंबादासराव पलीकडून आमच्याकडे पाहात होते, आणि त्या नजरेत हुकूम नव्हता, विनंतीही नव्हती, लहानपणी शाळेच्या दारात सोडून निघालो म्हणजे पाहात असे तैसे होते काहीतरी. आणि आमच्या जिभेवर त्या वेळी काय काय आले होते ते लिहीत नाही. शेठांच्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात जातो येथपासून त्यांच्या तीर्थरूपांपर्यंत सर्व आले होते, ओळीने उभे होते. आम्ही उठून उभे राहिलो. दंडावरचा हात सोडविला.

आणि बोलिलो, "बरोबर दिलं, माणिकशेठ. पाय लागला नाही त्याचा. तुमच्या बायकोच्या कुंकवाला लागू नये, असाच वाढवलाय मी त्याला."

माणिकशेठांनी हातातला चेंडू या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा या हातात घेतला, आणि मान खाली घालून आपल्या लोकांत निघून गेले. नाना मध्येच थांबले, टोपी घातली, आणि फलकाकडे पाहून म्हणाले, "हे पंचाविरुद्ध नाही. नोंद नाही." अंबादासरावांनी बुटाचे बंद सोडले, बूट बाजूस ठेविले, अनवाणी पायाने पाटीपाशी जाऊन वाकले, झेंडूचे फूल बाजूस पडले होते ते उचलून परत ठेविले, आणि मकरंदरावांच्या खांद्यावर हात टाकून घराकडे चालू लागले. खऱ्या घराकडे.

येणेप्रमाणे दसऱ्याचा सामना शून्यास शून्य जाहला. करंडक सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. दंडकात एक कलम वाढले की पूजा पाटीशेजारी करावी, पाटीवर करू नये. मकरंदरावांस पुढेही पंच नेमिले. अंबादासराव दुसऱ्या दिवशी, आदितवारी, अंधारातच उठले आणि सोटा घेऊन गेले, आणि स्कूटर न धुता गेले.